डावीकडचं धुकं

दिवाळी होऊन आठ दिवस झाले तरी मोहालीजवळच्या मनीमाजऱ्याच्या बाजारावर बसलेला धूर हलायचं नाव घेत नव्हता. आसपासच्या शेतांतून भाताचा पेंढा जाळलेला, त्यात फटाक्यांची भर, आणि वाऱ्याचा पत्ता नाही. सगळा बाजार डोळे चोळत होता. सराफ चोळत होते, भाजीवाल्या चोळत होत्या, रिक्षावाले तर एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं चोळत होते. त्यामुळे विश्राम गलाईवाल्याचे डोळे लाल आहेत याचं कुणालाच काही वाटलं नाही, आणि त्याचंच विश्रामला बरं वाटत होतं.

विश्राम विट्याजवळच्या वाडीचा. त्या भागातली माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, बोळाच्या टोकाला भट्टी पेटवून बसलेला एखादा मराठी माणूस सापडतोच. विश्राम एकविसाव्या वर्षी इथं आला, त्याला आता तेहतीस वर्षं झाली. खाली भट्टीचं दुकान, वर जिन्यानं जायची एक खोली. खोलीत तो आणि यमुना. मुलगा निशांत मोहालीच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि बायको-मुलीसह झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. नकाशात बघितलं तर जवळ, पण यायचं म्हटलं की त्याला महिना लागायचा.

काम जुनंच होतं. सराफ मोडीचे दागिने पुडीत बांधून आणायचे. विश्राम ते मुशीत घालून वितळवायचा, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळून त्यातली चांदी आणि तांबं काढून टाकायचा, तळाशी उरलेला तपकिरी गाळ धुऊन वाळवायचा आणि पुन्हा वितळवून शुद्ध सोन्याची लगड ओतायचा. तेजाब उकळू लागलं की विटकरी रंगाचा धूर निघायचा. धुराडं होतं, पण धुराड्याला चुकवून थोडा धूर माणसाच्या तोंडावर यायचाच. तेहतीस वर्षं हा धूर आणि तेहतीस वर्षं भट्टीची धग. डोळे लाल व्हायचे, पाणी गळायचं. मग औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली यायची. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं औषध. रिकामं खोकं दाखवायचं, नवी बाटली घ्यायची. दोन थेंब टाकले की तासाभरात डोळे दुधासारखे पांढरे. चार-पाच वर्षं हेच चाललं होतं.

पण लाल डोळ्यांचं दुखणं वेगळं आणि यंदाच्या उन्हाळ्यापासून जे सुरू झालं होतं ते वेगळं. पहिल्यांदा जिन्यात डावा खांदा भिंतीला घासला. मग बाजारातून चालताना डाव्या अंगाची माणसं अचानक उगवायला लागली. आत्ता तिथं कुणी नव्हतं, आणि आत्ता एक सायकल अंगावर. एकदा त्यानं भट्टीपुढं बसून उजवा डोळा तळहातानं झाकला आणि समोर बघितलं. भट्टी नव्हती, धुराडं नव्हतं. नुसतं मळकट धुकं, आणि मधोमध कवडीएवढं काहीतरी लालसर. त्यानं पटकन हात काढला आणि इकडंतिकडं पाहिलं. कुणी बघितलं तर नाही ना?

ही भीती सगळ्यात मोठी होती. गलाईवाल्याकडं सोनं येतं ते त्याच्या नावावर. लिखापढी नाही, पावती नाही. सराफ पुडी टेकवतो आणि निघून जातो. सोनं पुरतं निवळलं की वितळलेल्या गोळ्यावर हिरवट झाक येते, ती ओळखणारा डोळा हाच गलाईवाल्याचा परवाना. तो डोळा गेला असं बाजाराला कळलं, की दुसऱ्या दिवशी भट्टी गार. समोरचं सरळ बघितलेलं त्याला उजव्या डोळ्यानं अजून नीट दिसत होतं, हिरवी झाक कळत होती. तेवढ्यावर तो निभावून नेत होता. साचा त्यानं उजवीकडं सरकवला, चिमटे उजव्या खिळ्याला टांगले. यमुनेला सांगितलं नाही, निशांतला सांगितलं नाही. गावाकडं फोन झाला की सगळं ठीक म्हणायचा.

बाजारात डॉक्टर हरकीरत सिंग म्हणून म्हातारे होमिओपॅथ होते. सराफ लाला रामचंद्र यांच्या आग्रहावरून विश्राम त्यांच्याकडं गेला. गेला तर लाला स्वतःच बाकावर गुडघा चोळत बसलेले.

डॉक्टरांनी मोठी वही उघडली आणि एकेक विचारू लागले.

"विश्रामजी, गर्मी ज़्यादा लगती है या ठंड?"

"गर्मी. भट्टी है ना, डॉक्टरसाब."

"मीठा अच्छा लगता है या नमकीन?"

"तीखा."

डॉक्टर हसले, तेही लिहून घेतलं. "सपने कैसे आते हैं?"

विश्रामला घाम आला. त्याला एकच स्वप्न पडायचं. वाडीच्या विहिरीच्या काठावर त्याचा आंधळा झालेला बाप काठीनं पाणी शोधत असायचा. तो म्हणाला, "सपने नहीं आते. थकके सोता हूँ."

"आँखों में क्या होता है?"

"आग होती है. पानी आता है. लाल होती हैं."

"और नज़र? नज़र ठीक है? कोई धुंधलापन, कोई अँधेरा?"

बाकावर लाला रामचंद्र गुडघा चोळायचे थांबले. निदान विश्रामला तसं वाटलं. वीस वर्षं त्यांची पुडी त्याच्याच भट्टीत वितळत होती.

"एकदम फर्स्ट क्लास," विश्राम म्हणाला.

डॉक्टरांनी थेंबांची बाटली आजपासून बंद करायला सांगितली आणि साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांची कुपी दिली. चार गोळ्या, दिवसातून तीनदा. हात लावायचा नाही, झाकणातूनच जिभेवर घ्यायच्या. कच्चा कांदा नको, कॉफी नको. "और तेज़ बू से दूर रखना. दवा बड़ी नाज़ुक है, बू से मर जाती है. और हाँ, एक बार बड़े अस्पताल में भी आँखें दिखा लो, उम्र हो गई है."

शेवटचं वाक्य विश्रामनं बाकावरच सोडलं. बाकी सगळं मात्र पाठ केलं. तोंडानं तो लाल डोळ्यांचं बोलला होता, पण मनातून त्यानं त्या गोळ्यांवर सोपवला होता तो डाव्या डोळ्याचा अंधार. डॉक्टरांना न सांगता औषधाला आतल्या आत कळेल, असं काहीतरी त्यानं धरलं होतं. अडलेला माणूस काय वाटेल ते धरतो.

तीन दिवस त्यानं कुपी दुकानाच्या फळीवर ठेवली. चौथ्या दिवशी तेजाबाचा धूर त्याच फळीवरून जाताना त्यानं पाहिला. सगळं औषध मेलं असणार. त्यानं नवी कुपी आणली, ती वर यमुनेच्या लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवली. पण जिन्यानं वासही वर येत होताच. त्याच्या मिशीत वास होता, स्वेटरात होता, हाताच्या रेषांत होता. मग त्यानं मार्ग काढला. सकाळी उजाडलं की तोंड खळखळून धुवायचं, कुपी फडक्यात गुंडाळून खिशात घालायची आणि रेल्वेच्या बाजूच्या बागेत जायचं.

"कुटं निगालासा एवड्या थंडीचं?" यमुना विचारायची.

"फिराय."

"मी येऊ?"

"तू कशाला? पाय दुकतील तुजं."

ती दारात उभी राहायची. तो भिंतीला उजवा हात लावून जिना उतरायचा.

बागेत म्हाताऱ्यांचा एक घोळका गोल उभा राहून हात वर करून हसायचा. तब्येतीसाठी हसणं. खरोखरच्या हसण्यापेक्षा जास्त मेहनतीनं ते हसत. एकदा त्यांनी विश्रामलाही बोलावलं, "आओ जी, मरहट्टे भाई, हँसो!" तो हात जोडून लांबच्या बाकावर जाऊन बसला. अर्धा तास तसाच बसून राहायचा, मिशीतला वास जाईपर्यंत. मग झाकणातून चार गोळ्या जिभेवर. गोड. त्या विरघळेपर्यंत तो डोळे मिटून बसायचा आणि मनातल्या मनात औषधाला सांगायचा, डावीकडं जा, डावीकडं जा. त्या बाकावर बसलेल्या माणसाइतका एकटा माणूस त्या वेळी आख्ख्या शहरात नसेल. तेहतीस वर्षं त्यानं या गावाचं सोनं गाळलं होतं, आणि डोळा चाललाय एवढं सांगायला त्याच्याजवळ एक माणूस नव्हतं. म्हणजे होतं एक, पण तिला त्यानं दारातच सोडलेलं.

नोव्हेंबर संपता संपता वारा सुटला. धूर गेला, आभाळ निळं झालं, उत्तरेकडं डोंगरांची रेघ दिसायला लागली. बाजाराचे डोळे निवळले आणि विश्रामचेही. डॉक्टर हरकीरत सिंगांनी बॅटरी मारून पाहिलं आणि खूश झाले.

"वाह! लाली गई. जलन?"

"नहीं है."

"देखा? बस, चालू रखो."

आता सांगावं असं विश्रामला फार वाटलं. शब्द अगदी दातांपर्यंत आले. पण दारात कुणाची तरी सावली पडली, आणि तो पाया पडल्यासारखा वाकून बाहेर आला. लाल डोळे बरे झाले म्हणजे औषध खरं, हे त्याला पटलं होतं. मग डावं धुकं का हटत नाही? कारण एकच असणार. तेजाब. औषध चांगलं होतं, आपणच वासात राहून ते मारतो. दोष आपला. त्यानं कच्चा कांदा सोडलाच होता, आता फोडणीचाही सोडला. यमुनेनं लसूण वाटला की तो खिडकी उघडायचा. यमुना काही बोलायची नाही. ताट उजव्या हाताला ठेवायची, पाण्याचा तांब्या उजव्या हाताला ठेवायची, आणि समोर बसून जेवायची. झोपायची बाजूही तिनं उन्हाळ्यातच बदलली होती, पंख्याचं वारं सोसत नाही म्हणून.

डिसेंबरात खरं धुकं आलं आणि गंमत म्हणजे विश्रामचे दिवस बरे गेले. दहा हातांवरचा माणूस कुणालाच दिसेना. सगळा बाजार चाचपडत चालायचा, एकमेकांना धडकायचा, "ओ सॉरी जी" म्हणून हसायचा. विश्रामही धडकायचा, तोही हसायचा. आख्खं मनीमाजरा त्याच्यासारखं झालं होतं, तेवढे पंधरा-वीस दिवस त्याला माणसांत आल्यासारखं वाटलं. मग अकराच्या सुमाराला ऊन पडायचं, बाकीच्यांचं धुकं उठायचं आणि त्याचं तेवढं मागं राहायचं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी निशांत आला. बरोबर त्याची बायको कश्मिरा आणि सहा वर्षांची इरा. यमुना पहाटेपासून तिळाच्या वड्या थापत होती. विश्रामला खरं तर वर बसायचं होतं, पण लाला रामचंद्रांच्या घरात लग्न होतं, लगड संध्याकाळी हवी होती. तो खाली भट्टीपुढं होता. ब्लोअर घोंघावत होता. मुशीतलं सोनं उकळून फिरायला लागलं, टाकणखाराचा फेस कडेला गेला, आणि मधोमध ती हिरवट झाक आली. विश्राम ती झाक बघत राहिला. एवढं एकच अजून त्याचं त्याला पुरतं दिसत होतं.

त्यानं लांब चिमट्यानं मूस उचलली. साचा उजवीकडच्या दगडावर होता. वळताना पाठ सरळ करायला त्यानं डावा पाय मागं घेतला, डावं कोपर बाहेर काढलं, आणि कोपर मऊ कशाला तरी लागलं.

"दादू!"

"आवं, पोर!" जिन्यातून यमुना किंचाळली.

विश्राम दचकून उलटा वळला. मूस कलंडली. सोनं साच्यात न पडता फरशीवर पडलं, थेंब थेंब उडालं, आणि इरा ओरडली. क्षणभर विश्रामला नुसतं ओरडणं ऐकू येत होतं, पोर कुठं आहे ते दिसत नव्हतं. तो मूस धरून तसाच गोल फिरला. पुढं कधीही आठवलं तरी त्याच्या अंगावर काटा यायचा तो याचा, की त्या वेळी हातात लालभडक मूस घेऊन तो पोरीला शोधत होता.

यमुनेनं तिला ओढून घेतलं होतं. लोकरीच्या मोज्याला भोक पडलं होतं, आत घोट्यावर मसुरीएवढा फोड. तेवढ्यावर निभावलं. तिच्या मुठीत तिळाची वडी होती, ती तिनं सोडली नव्हती.

निशांत धावत खाली आला. "आण्णा, ती तुमच्या शेजारीच उभी होती! एवढी जवळ!"

विश्रामनं मूस दगडावर ठेवली.

इरा हुंदके देत म्हणाली, "मैं तो कब से खड़ी थी. दादू ने देखा ही नहीं. मैंने हाथ भी हिलाया."

कश्मिरानं पोरीला उचललं. ती सरळ गाडीत जाऊन बसली. निशांत थोडा वेळ घुटमळला, "फोन करतो" म्हणाला. जेवणं झालीच नाहीत. वर ताटं वाढलेली तशीच राहिली.

मग विश्राम गुडघ्यांवर बसला. सोन्याचे मणी फरशीच्या फटींत, चुलाण्याच्या राखेत, दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते. यमुनेनं केरसुणी आणली, दोघांनी मिळून दुकान कोपऱ्या-कोपऱ्यानं झाडलं, केर परातीत घेऊन पाण्यात हलवला, माती वाहवली, तळ चाचपला. डाव्या बाजूची फरशी यमुनेनंच झाडून घेतली. पुन्हा मूस, पुन्हा भट्टी. लगड संध्याकाळी लालांना मिळाली, रत्तीभरही कमी भरली नाही.

दुसऱ्या दिवशी विश्राम बागेत गेला नाही. डॉक्टरांचं शटर वर जायच्या आधीच तो पायरीवर बसला होता.

"डॉक्टरसाब, एक बात छुपाई मैंने आपसे."

हरकीरत सिंगांनी त्याला आत घेतलं, दार लोटलं आणि सगळं ऐकलं. मग त्याचा उजवा डोळा झाकायला लावून आपलं बोट हळूहळू कडेनं आणलं. "दिखे तो बोलना." बोट बरंच फिरलं असावं. विश्राम बोललाच नाही. शेवटी नाकासमोर काहीतरी हललं तेव्हा तो म्हणाला, "अब."

डॉक्टर खुर्चीत बसले. पगडीवरून हात फिरवला.

"दो-ढाई महीने मैं तुमसे सपने पूछता रहा, विश्राम. मीठा-नमकीन पूछता रहा."

"वास मारता होगा ना दवा को. तेजाब का..."

"ओ कैसा वास!" म्हातारा ओरडला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मेरी गोली जलन के लिए थी. इसके लिए मेरे पास कुछ नहीं है. सुन लिया? कुछ नहीं. आज के आज बड़े अस्पताल जाओ." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. लिहिताना पेन दोनदा थांबलं. "गलती मेरी भी है. मुझे बेंच खाली कराके पूछना चाहिए था."

मोठ्या सरकारी इस्पितळात यमुना बरोबर गेली. विश्राम तिला एवढंच म्हणाला होता, "तपासाय जायचं हाय." तिनं डबा घेतला, शाल घेतली. रांगेत दोन तास गेले. डोळ्यांत थेंब, हनुवटी पट्टीवर, निळा उजेड. मग एका अंधाऱ्या खोलीत त्याला एकट्याला नेलं. तिथं अवनी नावाची तंत्रज्ञ मुलगी होती. पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडं बघायचं, कडेला कुठंही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं.

"जितना दिखे उतना ही, बाबाजी. टेन्शन नहीं लेना."

आधी उजवा डोळा झाला. मग डावा. विश्राम ठिपक्याकडं बघत राहिला. यंत्र बारीक आवाज करत होतं, थांबत होतं, पुन्हा आवाज करत होतं. दिवा काही दिसेना. पण आवाज आला की दिवा लागत असणार, हे त्याच्या लक्षात आलं. जन्मभर भट्टीचा आवाज ऐकून आच ओळखलेला माणूस तो. त्यानं आवाजावर बटण दाबायला सुरुवात केली. टक. टक. टक. बरं चाललं होतं.

यंत्र थांबलं. "बाबाजी, आप बिना देखे दबा रहे हो."

विश्रामचे कान तापले.

"मशीन बीच-बीच में सिर्फ़ आवाज़ करती है, लाइट नहीं जलाती. पकड़ लेती है." मुलगी हसत होती, वाईट अर्थानं नाही. "सब करते हैं. फिर से करते हैं, हाँ?"

तेहतीस वर्षांत कुणाच्या सोन्याचा कण त्यानं इकडचा तिकडं केला नव्हता. कुणी त्याला खोटा म्हटलं नव्हतं. ते पहिल्यांदा त्या यंत्रानं म्हटलं. या वेळी त्यानं बटण हातात नुसतं धरलं. यंत्र आवाज करत राहिलं, थांबत राहिलं. कुठंतरी त्याच्यासाठी दिवे लागत होते आणि विझत होते. तो अंधारात बसून राहिला. बटण त्यानं सहा-सात वेळा दाबलं असेल.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ठेवला. डाव्या डोळ्याचं चित्र जवळजवळ पुरतं काळं. उजव्याच्या कडेलाही काळं लागलेलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली नस हळूहळू मरते, दुखत नाही, म्हणून कळत नाही.

"परिवार में किसी को?"

"बाप. आखिर में दिखता नहीं था. गाँव में सब मोतीबिंदू बोलते थे."

"कोई दवा डालते थे आँख में?"

विश्रामनं खोकं कसं होतं ते सांगितलं. बाईंनी फोनवर चित्र काढून दाखवलं. "यह?" त्यानं मान हलवली. "इससे लाली जाती है, पर बिना पूछे सालों डालो तो दबाव बढ़ता है." त्या थांबल्या. "जो गया वो वापस नहीं आएगा. जो बचा है उसे बचाना है. बूँदें रोज़, ज़िंदगी भर, एक दिन भी नहीं छोड़ना. और बाईं तरफ़ गर्दन घुमाकर देखने की आदत डालो. आपके बेटे की भी जाँच होगी, यह घरों में चलता है."

"छह महीने पहले आता तो?" विश्रामनं विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तो थोड़ा और बचता."

यमुना शेजारच्या स्टुलावर डबा मांडीवर धरून बसली होती. तिनं सगळं ऐकलं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. विश्रामनं निशांतला फोन लावला, "तू डोळं तपासून घे," एवढंच सांगितलं, आणि तिकडून "का? काय झालं? आण्णा?" येत राहिलं तसा फोन यमुनेच्या हातात दिला.

गुरुवारी लाला रामचंद्र पुडी घेऊन आले. लग्नाचे लाडूही आणले होते. पुडी त्यांनी नेहमीसारखी फळीवर टेकवली. विश्रामनं ती उचलली नाही. बघायला गेलं तर उजव्या डोळ्यानं अजून दिसत होतं. हिरवी झाक कळत होती. गप्प बसला असता तर आणखी वर्षभर निघालं असतं. पण त्याला पोरीचा मोजा दिसत होता.

"लालाजी, मेरी बाईं आँख गई. काला मोतिया. दाईं भी आधी पकड़ी है. आपका सोना है, आपको मालूम होना चाहिए."

"ओ विश्राम," ते म्हणाले. मग पुन्हा, "ओ विश्राम यार." त्यांचे डोळे खरंच भरून आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटलं, आणि तोच हात फळीकडं नेऊन पुडी उचलली. "तू पहले इलाज करा. फिर देखते हैं." पुडी कोटाच्या आतल्या खिशात गेली. लाडू तिथंच राहिले.

शनिवारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं. येता-जाता लोक विचारायचे, "हुण किवें, मरहट्टे भाई?" आता कसं आहे, असं फार मायेनं विचारायचे. पुडी कुणी टेकवली नाही. विश्राम सवयीनं शटर वर करून विझलेल्या भट्टीपुढं बसायचा. राख गार होती. चिमटे उजव्या खिळ्याला लटकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुकानात तेजाबाचा वास नव्हता, आणि आता गोळ्या घ्यायच्या नव्हत्या.

चार वाजता यमुना चहा घेऊन खाली आली. त्यानं पेला ठेवल्याचा आवाज ऐकला, उजवा हात पुढं केला. हाताला फळी लागली. पुढं चाचपलं, काही नाही.

"च्या कुटं हाय?"

"ठिवलाय."

"कुटं?"

"डावीकडं."

विश्रामला वाटलं, चुकून ठेवला असेल. "हिकडं दे की."

"न्हाई देत." यमुनेचा आवाज त्याला कुठूनतरी डावीकडूनच येत होता. "उनाळ्यापासनं उजवीकडंच देत आले. ताट, तांब्या, टावेल. पंक्याचं निमित करून हातरुणसुदिक बदाललं, तुमचा हात माज्यावर पडून तुमी दचकू नये म्हणून. लई चुकलं माजं."

विश्रामचा हात फळीवर तसाच राहिला. "तुला ठावं हुतं?"

"जिन्यात खांदा घासून आलासा तवापासनं."

"मग बोलली का न्हाईस?" तो ओरडला. रिकाम्या दुकानात आवाज घुमला. "आगं, डोळा गेला माजा! सा म्हैनं आदी बोलली आसतीस तर..."

"तुमी लपवत हुता. म्हनलं, मानसाला लपवू वाटतंय तर लपवू द्यावं, आपुन सावरून घ्यावं. रोज फाटं बागंत निगालासा की वाटायचं आज सांगतील, आज म्हनतील चल संगट." तिचा आवाज चिरला. "सावरून सावरून मीच आंधळं केलं तुमास्नी. आता न्हाई सावरायची. च्या डावीकडं हाय. डाक्टरीन म्हनली न्हवं, मान वळवायची?"

विश्रामला आणखी ओरडायचं होतं. कुणावर, ते त्याला कळेना. एका खोलीत दोन माणसं, दोघांनाही तेच दुःख, आणि दोघांनी ते एकमेकांपासून चोरून जपलेलं. मग त्यानं मान वळवली. नेहमी वळवायचा तेवढी नाही, खांद्यापर्यंत, मानेच्या शिरा ओढल्या जाईपर्यंत.

धुक्यातून आधी भट्टीची कड आली. मग फळी, मग वाफाळणारा पेला, पेल्याजवळचा तिचा हात. आणि मग ती. भांगाजवळ केस पांढरे झाले होते. गालाचं हाड वर आलं होतं. डोळ्यांखाली काळं पडलं होतं, आणि डोळे तुडुंब भरून ती त्याच्याकडं बघत होती. ती एवढी कधी वाळली, त्याला ठाऊक नव्हतं.

"वाळलीस," तो म्हणाला.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "प्या आदी. गार हुतोय."

त्यानं पेला उचलला. चहा प्याला. ती लाडवाचा पुडा उचलायला दोन पावलं मागं सरली आणि दिसेनाशी झाली. विश्रामनं पुन्हा मान वळवली.